माझ्या वाट्याची भाकरी

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार. बेळकट्टी

पोचले! सकाळी सोलापुरातून निघाले ती दुपारच्या जेवणाला हजर, आणि माझ्या ई-बाइकच्या पडद्यावर अजून निम्म्याहून जास्त बॅटरी शिल्लक. लगेच नलूला फोटो पाठवला. माझी ही धाकटी बहीण म्हणाली होती की त्रेसष्टाव्या वर्षी विजेच्या सायकलवर बसून खेड्यापाड्यांत भाकऱ्या खात हिंडणं हा निवृत्तीचा नव्हे, वेडाचा प्रकार आहे. अर्थात हे ती फार गोड शब्दांत म्हणाली. नलू कुणाला कधी तोडून बोलत नाही. घरातलं ते काम माझ्याकडे आहे.

रोजनिशी मराठीत लिहितेय तीही तिच्यामुळेच. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, ती नूतन की कसल्याशा मराठी शाळेत. तेव्हापासून तिची खात्री आहे की मला धड मराठी येत नाही. आता मी अख्खं पुस्तकच मराठीत लिहिणार आहे: सोलापूरच्या दक्षिण कडेचं खाणं आणि त्या खाण्यामागच्या गोष्टी. बघू कोण चुका काढतं ते.

वळसंग मागे टाकलं की रस्ता सुधारतो आणि भाषा बदलते. पाटी मराठीत, पण पाटीखाली बसलेली माणसं कानडीत भांडतात. बेळकट्टी लहान आहे. मी उतरले ते ईरम्माचं घर; तिचा मुलगा सोमेश पुण्यात नलूच्याच सोसायटीत राहतो, त्यानं ही खोली मिळवून दिली. खोली स्वच्छ, प्लग पॉइंट चालू, आरसा मोठा. ईरम्माचा आवाज दोन शेतं ओलांडून जाईल एवढा. तिचा नवरा शिवयोगी बहुधा म्हणूनच बोलत नाही. मला ती अक्का म्हणते. पहिल्याच जेवणाला कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी. ती चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, लसूण कानापर्यंत जाणारा. पुण्यात ज्या लाल भुकटीला सोलापुरी चटणी म्हणून विकतात तिच्या उत्पादकांना तुरुंगात टाकलं पाहिजे.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आज घरात पाय ठेवायला जागा नाही. आंबिलाचा माठ कालपासून आंबतोय. भज्जीसाठी, म्हणजे सणाच्या मिश्र भाजीसाठी, हरभरा, वाटाणा, वाल, गाजर, चुका, मेथी आणि ज्यांची नावं मला माहीत नाहीत असे पाले निवडायला शेजारणी जमल्या आहेत. मलाही बसवलं. माझी निवडण्याची गती बघून एकीनं कानडीत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. मी भाषांतर मागितलं नाही. माझ्या परीनं सूड घेतला तो असा की ईरम्माकडून दोन कानडी वाक्यं पाठ केली. ‘ऊटा आतेन?’ म्हणजे जेवण झालं का. इथे नमस्काराच्या ऐवजी हेच विचारतात. आणि ‘ब्याडा’ म्हणजे नको.

दुसरं शिकवून झाल्यावर ईरम्मा एकदम गंभीर झाली. म्हणाली, “पर उद्या त्यो शब्द काडायचा न्हाय हं, अक्का. उद्या कुणी बी काय बी देऊ दे, चिमूटभर तरी घ्यायचं. पोट फुटाय लागलं तरी घ्यायचं.”

कारण विचारलं. पुस्तकासाठी हवंच होतं. गोष्ट अशी: फार पूर्वी दुष्काळाच्या साली येळवशीला कुठूनशी एक बाई आली. या दिवशी सगळे सगळ्यांच्या रानात जेवतात, पण रीत देण्याघेण्याची आहे. आपलं कुणीतरी खावं, मग दुसऱ्याच्या पानावर बसावं. बाईकडे एकच भाकरी होती. ती घेऊन ती रानोरान फिरली. तिचे कपडे, तिचे हात बघून, ती कुणाची कोण असेल म्हणून, एकानंही तिच्या हातचा तुकडा घेतला नाही. सगळे म्हणाले, आमचं झालंय. मग तिलाही कुठे बसता आलं नाही. शेवटच्या बांधावर ती मेली, भाकरी हातातच. तेव्हापासून येळवशीला बेळकट्टीत कुणी नको म्हणत नाही. जो म्हणेल त्याचा वाटा ती नेते.

छान गोष्ट. जुन्या लाजेची नवी रीत केलेली. प्रकरण दुसरं ठरलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

काय दिवस होता! कमरेएवढ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात चुना फासलेले पाच दगड देव म्हणून शालीखाली बसवलेले. शिवयोगीनं आंबील शिंपडत रानाला फेरी घातली आणि मागून आम्ही सगळे ‘ओलग्या ओलग्या’ ओरडत. मीसुद्धा! तीस वर्षं मी विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे फेटाळले; तिथल्या कुणी आज मला पाहिलं असतं तर पेन्शन बंद केली असती. मग जेवण. भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, चटणी, गव्हाची खीर, वर आंबील. त्यानंतर आणखी तीन रानांत बोलावणं. ईरम्माचं ऐकून सगळीकडे थोडं थोडं घेतलं.

चारच्या सुमारास एकटीच बाइकवरून परत निघाले. ओढ्याच्या बांधाशी एक म्हातारी उभी. वाटच अडवली. ‘ऊटा आतेन?’ मी हो म्हणून मान हलवली. तिनं पदराखालून भाकरी काढली. वाळलेली, मधोमध अंगठ्याचा खड्डा. त्या हाताकडे पाहिलं. नखांत काळी माती, बोटांच्या भेगांतही. मी म्हटलं, ब्याडा. तिनं भाकरी आणखी पुढे केली. मी पुन्हा म्हटलं, ब्याडा, आणि मराठीत हेही म्हटलं की दुसऱ्याला खायला घालण्याआधी हात धुवायची पद्धत आहे.

रागावली नाही ती. सही मिळाल्यावर कारकून हलवतो तशी मान हलवली आणि बाजूला झाली.

ईरम्माची सूचना मला आठवली नाही असं नाही. आठवली. पण सूचना सूचनेच्या जागी आणि टायफॉइड टायफॉइडच्या जागी.

येताना चढाला बाइक जड चालली. चार रानांतलं जेवण पोटात, दुसरं काय होणार?

२० डिसेंबर, शनिवार

तोंडाची चव गेलीय. सकाळच्या भाकरीला कशाचीच चव नव्हती, चटणी म्हणजे भुसा. हिंगाची डबी हुंगली, वास व्यवस्थित येतो. म्हणजे सर्दी नाही, करोनाही नाही. दोन घासांनंतर मी हात आवरला. तेवढ्यात ईरम्मा आली आणि खूश झाली: “लई जेवता की अक्का! अजून एक टाकू?”

ताट रिकामं होतं. चाटूनपुसून.

२१ डिसेंबर, रविवार

पलीकडच्या तालुक्यातल्या बाजाराला जायचा बेत होता. रात्रभर चार्जिंग करूनही निम्म्या वाटेच्या अलीकडे बॅटरी बसली. कंपनीला फोन केला आणि फसव्या जाहिरातीबद्दल चांगलं अर्धा तास सुनावलं. पलीकडचा पोरगा शांतपणे म्हणाला की मॅडम, तुमच्या गाडीची माहिती आमच्याकडे दिसते. मोटरवर दोन माणसांचा भार येतोय, डबलसीट नेलं की गाडी एवढीच चालते. मी सांगितलं की मी एकटी आहे. तो म्हणाला, बरं मॅडम. खोटारड्या माणसाला मी तीस वर्षं जसं ‘बरं’ म्हणत आले, अगदी तसंच.

टेम्पोत घालून बाइक परत आणली. मागचं कॅरिअर किंचित वाकलंय.

२३ डिसेंबर, मंगळवार

चार दिवसांत माझ्या पोटात अन्नाचा कण गेलेला नाही. हे मी नीट, शुद्धीवर राहून लिहितेय. घास तोडते, तोंडाशी नेते, तोंडात काही येत नाही. ताट मात्र रिकामं होतं. ईरम्मा समोर बसून कौतुकानं बघते. मी तिला सांगितलं की मी उपाशी आहे. ती हसत सुटली, शेजारणीला हाक मारून सांगितलं. शेजारीण म्हणाली, पाच भाकऱ्या खाऊन उपाशी म्हणजे बाईच्या पोटात विहीर हाय व्हय!

पाणी मात्र उतरतं. पाण्यावर आहे.

सलवारची नाडी दोनदा घट्ट केली.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. शाळेत या दिवशी मदर सुपीरियर आपल्या हातानं केकचा तुकडा द्यायच्या. जेवणाआधी आम्ही म्हणायचो, जे मिळणार आहे त्याबद्दल आम्हाला कृतज्ञ कर. आज दार लावून, हात जोडून ते म्हटलं. पन्नास वर्षांनी. मग बिस्किटांचा पुडा फोडला आणि आरशासमोर बसले, म्हणजे पुरावा तरी राहील.

आरशात मी खात होते. जबडा हलत होता, गळ्यातून घास खाली उतरताना दिसत होता, एकामागून एक, घाई न करता. आणि माझं तोंड बंद होतं. दात दातांवर. मी हातानं चाचपून पाहिलं.

पुडा संपेपर्यंत ती थांबली नाही.

आरसा भिंतीकडे फिरवून ठेवलाय.

२६ डिसेंबर, शुक्रवार

गाव सोडायचं ठरवलं. बाइक इथेच ठेवून सोलापूरची एसटी धरली. कंडक्टरनं दोन तिकिटं दिली. दुसरं कुणाचं, असं जोरात विचारलं. तोही चिडला: “म्हंजे? आजीचं की! म्हातारीला काय टपावर बसवू?”

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. उभ्या माणसांनी गच्च भरलेल्या गाडीत ती जागा कुणीही घेतली नाही.

सोलापुरात स्टँडजवळच्या खानावळीत थाळी मागवली. थाळी संपली. वाढप्यानं वर दोन भाकऱ्या घातल्या, त्याही संपल्या. मालक गल्ल्यावरून म्हणाला की या वयात असं जेवण म्हणजे देवाचं देणं. मी त्याच्यासमोर रडले. मी कुणासमोर रडत नाही. त्याला वाटलं चटणी तिखट लागली. त्यानं गूळ दिला.

गूळही गेला.

म्हणजे गावाचा प्रश्न नाही. ती माझ्याबरोबर येते. मग जिथे हे ठाऊक असलेली माणसं आहेत तिथेच जावं, म्हणून शेवटच्या गाडीनं परत आले.

२७ डिसेंबर, शनिवार

शिवयोगीनं मोटरसायकलवरून अक्कलकोटला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि आगाऊ. वजन पाहून म्हणाला, डाएट जरा जास्तच होतंय, आजी. रक्त तपासलं. सलाईन लावलं, बाटली बघता बघता रिकामी झाली. नर्स म्हणाली, इतक्या भरभर कुणाचीच जात नाही. ओठ होते तसेच कोरडे.

शिवयोगी हे सगळं बघत होता. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच बोलला. मान न वळवता विचारलं, येळवशीच्या दिवशी तुमी कुणाला न्हाय म्हणला का?

२९ डिसेंबर, सोमवार

ईरम्मा कालपासून हसत नाही. तिनं आपल्या थोरल्या दिराला, शरणप्पाला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेरूनच बोलला.

असं एकदाच झालंय, त्याच्या तरुणपणी. मोजणीसाठी आलेला एक साहेब असाच नको म्हणाला. साहेब वाळत गेला. मग त्याला न्यायला त्याचा भाऊ आला. दारात म्हातारीनं भाकरी पुढे केली, भाऊ नको म्हणाला. त्याच क्षणी साहेब उठून बसला आणि जेवला. भावाला नंतर चौघांनी नेलं.

मी विचारलं, भावानं घेतली असती तर? शरणप्पा म्हणाला, “घेटली असती तर सुटली असती की ती. तिला आनि काय पायजे? कुणी तरी एक घास घ्यावा, येवढंच.”

मग आता मी घेते, मी म्हटलं. तिला आणा, मी तिचे हात धुते, मी खाते. तो म्हणाला, जो एकदा नको म्हणाला त्याला ती पुन्हा विचारत नाही.

मी ओढ्याच्या बांधापर्यंत चालत गेले. भाकरी मागितली. मोठ्यानं. शाळेतल्या मुलीसारखी, दोन्ही हात पुढे करून. वारा होता फक्त.

३१ डिसेंबर, बुधवार

नलूचा फोन. सोमेशनं तिला माझी तब्येत कळवली. ती मला न्यायला येणार आहे.

मी ओरडले की येऊ नकोस. आवाजच निघत नाही नीट. तिला वाटलं मी रागावलेय. जन्मभर मी तिच्यावर रागावतच आलेय, तर वेगळं काय वाटणार? मग सगळं सांगितलं. आलीसच तर इथे जे कुणी देईल ते खा, घाण असलं तरी खा, हात कसेही असले तरी खा. ती हळूच म्हणाली की ताई, उपासानं तुला भ्रम व्हायला लागलाय. आणि तिचं ते सोळा तासांचं उपवासाचं चालू आहे, ती दुपारी दोनच्या आत काही घेत नाही.

नलू नको म्हणते तेव्हा समोरच्याला वाईटही वाटत नाही. इतकं गोड म्हणते. शरणप्पाला विचारलं, गोड बोलून म्हटलं तर? तो म्हणाला, “गोड न्हाय बी न्हायच की, अक्का.”

२ जानेवारी

उठवत नाही. ईरम्मा डोकं मांडीवर घेऊन भरवते, आणि रडते, कारण वाटी रिकामी होते.

तिनं शब्द दिलाय. रविवारी संध्याकाळी नलू आली की ती दारातच उभी राहील, सगळ्यांच्या आधी नलूच्या तोंडात गूळ घालेल, मग म्हातारी येवो नाहीतर कुणी येवो, तिच्या हातूनही घ्यायला लावेल. कान धरून. ईरम्मा हे करू शकेल. तिच्या आवाजापुढे नलू काय टिकणार?

एक गोष्ट लिहून ठेवते. काल रात्रीपासून मनात येतंय. नलू नको म्हणाली तर मी जेवीन. 

एवढंच येतं. पुढे काही येत नाही. नलूचं तोंड येत नाही डोळ्यांपुढे, भाकरी येते.

३ जानेवारी

बाइक चार्जिंगला लावायला सांगितली. ईरम्माला कळेना कशाला. मलाही नाही. कॅरिअर आता पार वाकलंय म्हणे. भरतेय ती. माझ्यावर.

नलूला पुन्हा फोन — लागत नाही — मेसेज केला: खा. एवढंच. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

४ जानेवारी, रविवार

तुरीची कापणी. सगळे रानात. ईरम्मा पाणी ठेवून गेली. उशाला झाकलेलं ताट. संध्याकाळच्या आत येते म्हणाली.

मोटारीचा आवाज.

एवढ्यात नाही. संध्याकाळी म्हणाली होती. आत्ता ऊन सरळ दारात —

नलूचाच आवाज. चपला काढतेय. ताई, ताई म्हणतेय. बाहेरच्या कट्ट्यावरून कुणीतरी उठलं. बांगड्या नाहीत, फक्त पदर घासल्याचा — जेवण झालं का, विचारतेय. मराठीत विचारतेय, नलूला कानडी येत नाही हे तिला कसं —

ओरडले. आवाज नाही. वाटी ढकलली, पडली, पितळेची, वाजली. नलू म्हणाली, आले गं, थांब जरा, या आजी —

नलू घे. घे ना. चिमूटभर. नलू, घाण आहे तरी

हसतेय. किती गोड हसते ही. “नको हो आजी, मी दोनच्या आत —”

लसूण.

लसणाचा वास — तोंडात — मीठ. मीठ लागतंय. झाकण मी काढलेलं नाही, हात काढतोय, भाकरी मोडतेय, कडक, आवाज येतो मोडताना — नलू आत येतेय, दारात उभी, म्हणते ताई, जेवतेयस की गं छान — पळ म्हणायचंय तिला, तोंड भरलेलं — थांबता येत नाही — नलू तुझ्या मागे —